गेनूआप्पांची हरकत आहे

गेनूआप्पांनी घोडेगावच्या कचेरीत जो अर्ज दिला, त्यावर अर्जदाराचं नाव होतं सर्जा. वय आठ वर्षे. जात खिलार. धंदा शेती, सध्या बंद. राहण्याचं ठिकाण: पत्र्याचा गोठा, पंख्याखाली. विषय: बैलगाडा शर्यतीस कायद्याने दिलेली सवलत काढून घेणेबाबत. आणि खाली, आपण जिथं सही करतो तिथं, निळ्या शाईत उमटलेला बैलाचा खूर.

खिडकीमागचे साहेब भला माणूस. त्यांनी अर्ज उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि अर्जदाराचा आधार नंबर मागितला. बहुधा गंमत म्हणून. आप्पांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि सर्जाच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर सावकाश वाचून दाखवला. बारा आकडी. आधारचाही बारा आकडीच असतो. साहेबांनी मनातल्या मनात आकडे मोजले, शिक्का उचलला आणि आवक मारून टाकली. आप्पा पोच घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "सरकारनं बैलाचा अर्ज घेतला. नोंद घे."

'नोंद घे' हा त्यांचा पूर्णविराम आहे. भूक लागली, नोंद घे. चहात साखर न्हाई, नोंद घे. आयुष्यभर अर्ज लिहिले की बोलण्यालाही अर्जाचा वास लागतो.

सर्जा आप्पांचा नाही. तो त्यांच्या पुतण्याचा, बाळूचा. घर एक, अंगण एक, मधे भिंत. आप्पांनी बाळू बाजाराला गेल्याचं पाहून सर्जाच्या पुढच्या पायाला स्टॅम्प पॅडची शाई चोपडली होती आणि कागदावर ठसा घेतला होता. शाई पुसायचं मात्र राहून गेलं. दोन दिवसांवर यात्रा. बाळूनं आपल्या लाखमोलाच्या बैलाचा खूर निळा झालेला पाहिला आणि त्याची खात्री पटली की कुणीतरी करणी केली. भगत आला, लिंबं कापली गेली, गोठ्यातून धूर निघाला. आप्पा आपल्या ओट्यावर बसून सगळं बघत होते. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. भगताला हाक मारून म्हणाले, "भाऊ, रॉकेलच्या बोळ्यानं निघतंय ते. मंत्रानं न्हाई निघायचं." त्या दिवसापासून काका-पुतण्यांतलं उरलंसुरलं बोलणंही संपलं.

जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत बैलगाडा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. यात्रेत चढाच्या लांब धावपट्टीवर हलक्या गाड्याला चार बैल जुंपतात आणि सोडून देतात. गाड्यावर माणूस नसतो. पुढं घोडी, मागं बैल, दोन्ही अंगांना माणसंच माणसं, भोंग्यावर भिर्रर्र, आणि सेकंदाच्या हिशेबात इनाम. मधे काही वर्षं बंदी होती. मग कायदा बदलला, शर्यतीला सवलत मिळाली आणि वरच्या कोर्टानं ती उचलून धरली. त्या दिवशी इथं गुलाल उधळला. शर्यतीला विरोध करणाऱ्या आमच्या गटात आम्ही चार जणं. आम्ही टपरीवर बसून निषेधाचं पत्रक लिहिलं.

माझं मत मी लपवत नाही. ज्याला नको म्हणायची सोय नाही, त्याच्याकडून करून घेतलेल्या गोष्टीला खेळ म्हणत नाहीत. नियम आहेत, असं सांगतात. काठी नको, चाबूक नको, डॉक्टरचा दाखला हवा. जुंपताना शेपटी पिरगाळायला काठी लागते कुठं? आणि बैलाला दूध-अंडी घालतो, पंखा लावतो, पोरासारखा सांभाळतो, हे उत्तर मला देऊ नका. पोराला कुणी गुलालात उभं करून त्याची शेपूट चावत नाही.

असं मी लिहिते. असंच बोलते. त्यामुळं निरगुडसरच्या एसटी थांब्यावर मी सह्यांची मोहीम घेऊन बसले होते तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत माझ्या वहीत एकही सही नव्हती. एका पावण्यांनी वही हातात घेतली होती, पण ते एसटीचं टाइमटेबल शोधत होते. दोन पोरं आली, सेल्फी काढून गेली. मग पांढरी टोपी, पांढरा सदरा, काखेत पिशवी असा एक म्हातारा समोर उभा राहिला. पत्रक त्यांनी दोनदा वाचलं. खिशातलं पेन काढून तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मग सही केली, सहीखाली हुद्दा लिहिला: निवृत्त व्रणोपचारक, गुरांचा दवाखाना. आणि मला म्हणाले, "समदा कायदा हाय ह्यात. बैल कुठाय?"

मी म्हटलं, बैलांसाठीच तर आहे हे सगळं.

"मंग त्याचं नाव टाका एखाद्याचं. बिननावाच्या बैलासाठी कोण रडतंय?"

ही आमची दोन तालुक्यांतली पहिली सही. बराच काळ शेवटचीही तीच होती.

व्रणोपचारक म्हणजे गुरांच्या दवाखान्यात जखमा धुणारा, पट्ट्या करणारा, डॉक्टर टाके घालताना जनावर धरणारा माणूस. आप्पांनी तीस वर्षं ते काम केलं. यात्रांचा हंगाम आला की दवाखान्यात शेपट्या यायच्या. आप्पा असंच म्हणतात; बैल आले असं म्हणत नाहीत, शेपट्या आल्या म्हणतात. कुणाची सोललेली, कुणाची चावलेली, कुणाची हाडातून मोडलेली. मालक सांगायचा, दारात अडकली. "तीस वर्सं दारात अडकलेल्या शेपट्या शिवल्या," आप्पा म्हणतात. "एवढी दारं कुठं हायत राव ह्या तालुक्यात?" नोकरीत असताना बोलता आलं नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन दस्ते कागद आणि कार्बन आणला.

तेव्हापासून दर यात्रेआधी आप्पांची हरकत जाते. यात्रा कमिटीनं परवानगीसाठी दिलेली बैलांची यादी ते मागवतात आणि भिंग घेऊन बसतात. दोन तालुक्यांतला प्रत्येक पळणारा बैल त्यांना शिंगावरून ओळखू येतो. एका यादीत बादल नावाचा बैल होता, तंदुरुस्त असल्याच्या शेऱ्यासह. कमिटीनं गेल्या सालची यादीच उतरवून काढलेली. आप्पांनी लिहिलं: 'सदर बैल मयत आहे. त्याच्या दहाव्यास सही करणार स्वतः हजर होता. प्रवचन झाले. लाडू साजूक तुपातले होते. नोंद घ्यावी.' इकडं नामांकित बैल गेला की माणसासारखा दहावा घालतात, त्यामुळं हे खरंच होतं. कमिटीला यादी नव्यानं करावी लागली.

आप्पा दहाव्यांना फार जातात हे मला त्यावरून कळलं. बैलांच्याच नव्हे, माणसांच्याही. आठवड्यातून दोन तरी. सकाळच्या एसटीनं पिशवी घेऊन निघायचं आणि कुठल्यातरी नदीकाठी जाऊन बसायचं. मी धरून चालले की हा पुरावे गोळा करण्याचा भाग आहे; गर्दी असते, बोलणी होतात, कुणाचा बैल पडला, कुणाचा मोडला ते कळतं. मी आमच्या गटाच्या बैठकीत त्यांचं कौतुकही केलं. म्हातारा माणूस, पण क्षेत्रकार्य बघा, असं म्हणाले. क्षेत्रकार्य हा माझा त्या काळातला आवडता शब्द होता.

'बैल हौसेनं पळतो' असं कुणी म्हटलं की आप्पांचा प्रश्न ठरलेला. "कंच्या बैलानं सांगितलं? नाव सांगा, मी जाऊन इचारून येतो." हे ते भांडायला म्हणून विचारत नाहीत, पत्ता विचारावा तसं विचारतात, म्हणून समोरचा जास्त चिडतो. एकदा बाळूनं मला अंगणाच्या दारातच गाठलं. म्हणाला, "ताई, आमचा आप्पावर राग न्हाई. पण आमच्या दारात ऱ्हाऊन, आमच्याच बैलाचा अंगठा घेऊन, आमच्याच विरुद्ध अर्ज? लोकं मला काय म्हनत्यात, तुमाला म्हाईत न्हाई." त्याचा आवाज दुखावलेला होता. मी त्याला कायद्याचं कलम सांगितलं. आता आठवलं की वाटतं, गप्प बसले असते तर बरं.

आप्पांना गावानं वाळीत टाकलं, असं मी पत्रकात लिहिणार होते. त्यांनीच थांबवलं. "खोटं नगं लिहू. कुणी टाकलं न्हाई. निस्तं बोलवत न्हाईत." ते खरं होतं. वाणी उधार देत होता, न्हावी दाढी करत होता. फक्त बारसं, साखरपुडा, वास्तुशांत, जागरण-गोंधळ, ह्यांतलं कशाचंही बोलावणं भिंतीच्या अलीकडं यायचं नाही. आमंत्रण देत फिरणारा माणूस बाळूच्या दारात थांबायचा, आप्पांच्या दाराकडं बघायचा आणि मोटारसायकल वळवायचा. आप्पा तोवर टोपी घालून ओट्यावर येऊन बसलेले असायचे. मोटारसायकल गेली की टोपी काढून खुंटीला लावायचे.

बायको जाऊन बारा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. भिंतीपलीकडं बाळूची दोन मुलं, ओंकार आणि पूजा; त्यांतली पूजा तेवढी संध्याकाळी तांब्याभर दूध घेऊन यायची. तिला सायकल आप्पांनी शिकवली, दहावीचं गणित आप्पांनी शिकवलं, अवसरीच्या कॉलेजात प्रवेश घेताना सोबतही आप्पाच गेले होते. घरात अबोला पडला तरी दुधाचा तांब्या चालू राहिला. बाळूनं बघून न बघितल्यासारखं केलं. पूजाचं लग्न ठरलं, ओतूरकडचं स्थळ, तेव्हा आप्पांनी मला मंचरला नेलं आणि कापड दुकानात दीड तास घालवला. नवं धोतर, नवा सदरा आणि अबोली रंगाचा फेटा. इतका झगझगीत फेटा आप्पा घालतील असं मला वाटलं नव्हतं. "पूजीच्या अक्षतेला," ते म्हणाले. "तवर अंगाला लावायचं न्हाई." जगाकडं त्यांचं तेवढंच मागणं होतं. बाकीची सगळी मागणी सर्जाच्या नावानं होती.

पत्रिका छापून आली. इकडच्या लग्नपत्रिकेत भाऊकीतल्या सगळ्यांची नावं घालतात, वडीलधाऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत, आणि सगळ्यांत थोरला माणूस सगळ्यांत वर. आप्पा भाऊकीत सगळ्यांत थोरले. पत्रिकेत त्यांचं नाव वर नव्हतं, मधे नव्हतं, खालीही नव्हतं. वरच्या कोपऱ्यात गणपती, खालच्या कोपऱ्यात शिंगांना फुगे बांधलेल्या सर्जाचा रंगीत फोटो, आणि 'आपले नम्र' म्हणून जी यादी होती तिच्या शेवटी: 'आणि आमचा लाडका सर्जा'.

ही पत्रिका आप्पांना कुणी दिली नव्हती. वाण्याच्या दुकानात पडलेली मी आणली. त्यांनी भिंग लावून ती पूर्ण वाचली, मागची बाजूसुद्धा, जिथं छापखान्याचं नाव असतं. मग म्हणाले, "सर्जाचं आलंय ना. बरं झालं. घरातलाच हाय त्यो."

मला संताप आला. आणि मला संताप आला की मी लिहिते. पत्रिकेचा फोटो काढला आणि वर मजकूर टाकला: बैलाला नाव, माणसाला डच्चू, हीच का तुमची परंपरा. रात्रीच्या जेवणापर्यंत तो दोन तालुक्यांतल्या प्रत्येक फोनवर होता. ओतूरकरांच्या फोनवरही. आप्पांना मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दुधाचा तांब्या बंद झाला.

चारेक दिवसांनी दुपारी मी गेले तर ते ओट्यावर कागद घेऊन बसलेले, पण कागद कोरा होता. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, अर्ज महिनाभरासाठी मागं घेता येतो का. म्हणजे रद्द नाही, फक्त महिनाभर बाजूला. बाळूनं मधल्या माणसाकडून सांगावा धाडला होता: सर्जाच्या नावाची हरकत मागं घ्या, मांडवात पुढं बसा.

मी त्यांना काय सांगितलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, तत्त्वाला सुट्टी नसते. आज एक अर्ज मागं घेतला तर उद्या लोक म्हणतील, ह्यांचा विरोध एका जेवणावळीत मिटतो. असं बरंच. माझं भाषण चांगलं झालं. आप्पा मान डोलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मी निस्तं इचारलं गं पोरी." आणि थोड्या वेळानं, "तसं बी मागं घेतला नसता. शेपूट परवाच मी बघितलीय त्याची. पिरगाळून हिरवी पडलीय मुळाशी." भिंतीला एके ठिकाणी वीट निघालेली आहे. तिथून गोठा दिसतो. आप्पा तिथून रोज सर्जाला बघायचे, हे तेव्हा मला कळलं.

लग्न दारातच होतं. कार्यालय ठरवलं असतं तर सर्जाला मांडवात उभं करता आलं नसतं, म्हणून बाळूनं हट्टानं अंगणात मांडव घातला. साखरपुडा, हळद, लग्न एकाच दिवशी. अक्षता सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी. म्हणजे आप्पांचं दार उघडलं की थेट मांडवात. ज्या अंगणात जन्म गेला त्याच अंगणात बोलावल्याशिवाय पाऊल कसं टाकायचं, हा पेच होता. मी ठरवलं, आपण जायचं, आप्पांच्या शेजारी ओट्यावर बसायचं. बघू कोण काय म्हणतंय ते.

साडेनऊला पोचले. आप्पांचं दार आतून बंद. मांडवाचा एक खांब दाराच्या अगदी समोर रोवलेला, त्याला सर्जा बांधलेला, अंगावर झूल, गळ्यात घुंगूरमाळ, सनईच्या भोंग्याखाली कान हलवत उभा. माणसं यायला लागली होती, आणि फार येत होती. जुन्नरकडची, घोडेगावच्या वरच्या डोंगरातली, पार भीमाशंकरच्या रस्त्याची. बाळू फेटे बांधणाऱ्याला आणखी फेटे काढायला सांगत होता. शेजारच्या माणसाला अभिमानानं म्हणाला, "सर्जाचं नाव लांबवर गेलंय राव."

मी भिंतीला टेकून उभी होते. एक आजी आल्या, वरच्या आदिवासी पाड्यावरच्या. त्यांनी बाळूला विचारलं, "आप्पा कुठं हायत?" बाळू म्हणाला, बाहेरगावी. मग एक मास्तर आले, त्यांनीही तेच विचारलं. त्यांच्या वडलांच्या दहाव्याला आप्पा पावसात आले होते म्हणे. मग दोघं भाऊ आले, मेंढरं राखणारे, घोंगड्या खांद्यावर. त्यातला थोरला बाळूचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "आमची आई गेली तवा तुमच्या घरचं मानूस आलं व्हतं. तुमच्या समद्यांची नावं माइकवर घेतली. आमी इसरत न्हाई." बाळूला काही कळेना. तो हो हो म्हणाला आणि त्यांना फेटा बांधायला पाठवलं. नंतर तो पाण्याच्या टाकीशी जाऊन उगाचच तोटी उघडत बंद करत राहिला.

लग्नाला बोलावणं लागतं. दहाव्याला लागत नाही. ऐकलं की जायचं असतं, ओळख असो नसो. एवढी साधी गोष्ट मला, दोन वर्षं त्या माणसाबरोबर फिरून, त्या खांबापाशी कळली.

बाळूच्या बायकोला, सुनीताताईंना मी आप्पा कुठं गेले विचारलं. त्यांच्या दोन्ही हातांना हळद होती. इकडंतिकडं बघत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मागच्या दारानं गेलं, सहाच्या गाडीला. घोड नदीच्या काठाला कुणाचा तरी दहावा हाय. फेटा घालून गेलं वो." आणि आत वळल्या. आतून पूजा बघत होती, मुंडावळ्या बांधलेली. मी स्कूटी काढली.

नदीकाठची पत्र्याची शेड गच्च भरलेली होती. कावळा केव्हाच शिवला होता, प्रवचन संपलं होतं, पण कुणी पुढारी यायचे होते म्हणून श्रद्धांजलीची भाषणं लांबवत नेली होती. एक जण मयत आजोबांबद्दल बोलता बोलता कालव्याच्या पाण्यावर गेला होता. पांढऱ्या टोप्यांच्या त्या गर्दीत आप्पा शोधावे लागले नाहीत. मधोमध, सतरंजीवर, अबोली फेटा. नवं धोतर, नव्या सदऱ्याची घडी अजून मोडली नव्हती. आजूबाजूचे लोक थोडे बुचकळ्यात पडलेले दिसत होते, पण दहाव्याला आलेल्या म्हाताऱ्याला कोण काय विचारणार.

मी जाऊन शेजारी बसले. मला वाटलं होतं काहीतरी बोलावं, माफी मागावी. त्यांनी माझ्याकडं बघितलं, सरकून जागा दिली.

मी विचारलं, "कुणाचा आहे हा?"

"म्हाईत न्हाई," आप्पा म्हणाले. "चांगला मानूस व्हता म्हनत्यात."

माइकवाला चिठ्ठ्या गोळा करत फिरत होता. इकडची ही पद्धत. दहाव्याला आलेला माणूस चिठ्ठीवर नावं लिहून देतो आणि शेवटी माइकवरून वाचतात, अमुक गावचा अमुक परिवार दुःखात सहभागी आहे. आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून आपली चिठ्ठी काढली. त्यांचं अर्जातलं अक्षर, एकाखाली एक, समास सोडून. वर वाडीचं नाव. मग श्री. बाळासाहेब. सौ. सुनीता. चि. ओंकार. कु. पूजा. सगळ्यांत खाली गेनू. आणि कंसात, समस्त परिवार.

माइकवाला आमच्या रांगेशी आला. आप्पांनी हातानं त्याला थांब म्हटलं.

"वाजलं किती, पोरी?"

मी फोन बघितला. "अकरा वीस."

त्यांनी पेन काढलं. चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली, बोटांनी सपाट केली, आणि पूजाच्या नावावर एक सरळ रेघ ओढली. खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, अर्जाचा नियम आहे. त्यांनी शेजारी बारीक सही केली, तारीख घातली. क्षणभर कागद लांब धरून बघितला.

"आता ती ओतूरकरांच्या यादीत," ते म्हणाले, आणि चिठ्ठी माइकवाल्याच्या हातात दिली.

तो पुढं गेला. पाचसहा परिवार झाल्यावर आमच्या वाडीचं नाव आलं. त्यानं वाचलं, बाळासाहेब, सौभाग्यवती सुनीता, चिरंजीव ओंकार. तिथं तो थोडा अडखळला, रेघेवरून पुढं गेला आणि म्हणाला, गेनू, समस्त परिवार. पुढच्या रांगेतल्या एकानं परिवार बघायला म्हणून मागं वळून पाहिलं. आप्पांनी फेट्याचा शेमला पुढं घेतला आणि त्याला दोन्ही हात जोडले.